जिवाजीगंजातला तापणारा संगणक : पाच हजारांत कॅबिनेट निवडताना

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. “अरे, याचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. दोन दिवसांत तिसऱ्यांदा. परवा कॉलेजात शीट्स द्यायच्यात आणि पोरगं रडकुंडीला आलंय.” बाहेर लू चालली होती. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणं नवीन नाही. स्कूटरचं हँडल हाताला पोळत होतं, आणि जाता जाताच मला वाटलं की हा बिघाड एखाद्या सुट्या भागाचा नसून हवेचा असणार.

पुढच्या दोन आठवड्यांत त्या संगणकाचं काय केलं, कुठल्या क्रमाने केलं, पैसे कुठे लागले आणि कुठे लागलेच नाहीत, ते इथे मांडतोय. स्वस्तातलं कॅबिनेट, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यात बसतात ती पेटी, घेताना बहुतेक जण पंखे मोजतात. मीही मोजायचो. आता मी हवेची वाट मोजतो, आणि ती अगदी टेप लावून मोजता येते.

घर आणि मशीन

काकूंचं घर जिवाजीगंजात, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या काळातलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांसारखं याचंही छत दगडी पट्ट्यांचं आहे. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरची ती खोली दुपारी दोनपेक्षा रात्री आठला जास्त गरम असते. काकूंचा मुलगा इथल्या ‘माधव इन्स्टिट्यूट’ या कॉलेजात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचे रेंडर, म्हणजे आराखड्यांवरून खरीखुरी वाटणारी चित्रं बनवण्याची कामं, रात्रीच चालतात, म्हणजे नेमके सगळ्यात वाईट वेळी.

सकाळी तेच मशीन काकूंचं असतं. त्या माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या. भातखंड्यांच्या पद्धतीवर १९१८ साली सुरू झालेली ही संस्था. आता त्या घरी शिकवतात, बाहेरगावच्या शिष्यांसाठी बंदिशी ध्वनिमुद्रित करतात आणि वडिलांच्या गाण्याच्या जुन्या कॅसेट्स एकेक करून संगणकावर उतरवतात. मायक्रोफोन त्याच खोलीत, कॅबिनेटपासून दोन मीटरवर. एकाच मशीनकडून मुलाला जोर हवा आणि आईला शांतता, हा या प्रकरणातला खरा पेच होता.

आत इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड. मशीन दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात जुळवलेलं. कॅबिनेट तेव्हा मीच पसंत केलं होतं : पुढे अखंड काच, काचेमागे तीन रंगीत पंखे, मागे एक. डिसेंबरात ती खोली पंधरा अंशांवर होती आणि मशीनने कसलीच तक्रार केली नाही. ग्वाल्हेरच्या थंडीत केलेली चाचणी मे महिन्याबद्दल काहीच सांगत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मंद होणं वेगळं, बंद होणं वेगळं

मुलगा म्हणाला, “दादा, आधी स्लो होतं आणि मग फटकन बंद.” या वाक्यात दोन आजार आहेत आणि ते वेगळे करणं महत्त्वाचं होतं.

प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड गरम झाले की स्वतःचा वेग कमी करतात. १२४००एफची मर्यादा १०० अंश सेल्सियस. ३०६० ला ९३ अंशांपर्यंत सहन होतं, पण कारखान्यातून ते ८३ अंशांच्या आसपास थांबायला शिकवलेलं असतं. तिथे पोचलं की ते घड्याळगती, म्हणजे कामाचा वेग, उतरवतं. म्हणजे उष्णतेने आजची मशीन्स साधारणपणे मंद होतात, अचानक विझत नाहीत. फटकन बंद होऊन दहा मिनिटांनी पुन्हा निमूट चालू होणं हे बहुतेकदा एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लक्षण असतं : आतलं तापमान हाताबाहेर गेलं की चांगला एसएमपीएस स्वतःला तोडून घेतो. विंडोजच्या नोंदींमध्ये “कर्नेल-पॉवर ४१” दिसत होतं, पण ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण सांगत नाही.

म्हणून आधी खाली बघितलं. कॅबिनेट तखतावर, सतरंजीवर ठेवलं होतं. त्याचे पाय जेमतेम एक सेंटिमीटर, तेही सतरंजीत रुतलेले. एसएमपीएसचा पंखा खालच्या बाजूने हवा घेतो, तिथे बारीक जाळीचा फिल्टर असतो. तो ओढून काढला तर राखाडी नमद्यासारखा थर हातात आला. दोन वर्षांत तो कोणी काढलाच नव्हता, कारण तो मागच्या बाजूने निघतो आणि मागे भिंत चार बोटांवर होती.

फिल्टर धुतला. काकूंनी देवघराजवळचा जुना लाकडी पाट आणून दिला, त्यावर कॅबिनेट ठेवलं आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. त्या रात्री मुलाने सलग रेंडर लावले. मशीन बंद पडलं नाही, त्यानंतरही पडलेलं नाही. एक पैसाही लागला नाही. कॅबिनेट बदलायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी आता आधी हेच विचारतो : खालचा फिल्टर शेवटचा कधी धुतला?

मंद होणं मात्र राहिलं. शीट्स वेळेवर गेल्या त्या बाजूचं झाकण उघडं ठेवून.

झाकण उघडून काय कळलं

दोन दिवसांनी सकाळी अकराला मोजमाप केलं. खोलीतला कूलर मुद्दाम बंद ठेवला, खोलीत ३८ अंश. तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम चालू करून एकच रेंडर तीनदा चालवला, प्रत्येक वेळी अर्धा तास तापू दिलं.

सगळी झाकणं लावलेली असताना कार्ड ८३ वर जाऊन अडकलं, घड्याळगती १८५० मेगाहर्ट्झवरून १६२० पर्यंत उतरली, प्रोसेसर ९१ वर. बाजूची काच काढल्यावर कार्ड ७४, प्रोसेसर ८१, गती पूर्ववत. मग बाजूची काच परत लावली आणि फक्त पुढची काच काढली. कार्ड ७५, प्रोसेसर ८२.

ही तिसरी चाचणी निर्णायक होती. झाकण उघडूनही तापमान उतरलं नसतं तर दोष हीटसिंकचा, थर्मल पेस्टचा किंवा कार्डाच्या पंख्यांचा असता आणि नवं कॅबिनेट म्हणजे पैसे वाया. इथे केवळ पुढची काच दूर करून आठ-नऊ अंशांचा फरक पडत होता. गुन्हेगार तीच होती. झाकण काढायला दोन मिनिटं लागतात, आणि दुकानात जाण्याआधी करण्यासारखी याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

मग टेप लावली. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरची उभी फट, उंची ४० सेंटिमीटर, आणि त्यातली निम्मी जागा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बुजलेली. म्हणजे हवा आत यायला एकूण ४० चौरस सेंटिमीटर. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचं, मधला गोल वगळून, मोकळं क्षेत्र साधारण १०० चौरस सेंटिमीटर. तीन पंख्यांना ३००ची वाट हवी होती, मिळत होती ४०ची. असे तीनऐवजी सहा पंखे लावले असते तरी ते त्याच फटीतून एकमेकांची हवा ओढत बसले असते.

या फटीचा परिणाम अंशांत किती, तेही काढता येतं. आपल्याकडच्या उन्हाळी हवेसाठी एक ढोबळ हिशेब चालतो : आत खर्च होणाऱ्या वॅटना दोनाने गुणायचं आणि दर मिनिटाला आरपार जाणाऱ्या हवेच्या घनफुटांनी भागायचं. जे येईल तितके अंश कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा गरम राहते. कार्डाचे १७०, प्रोसेसरचे सत्तरेक, बाकीचे तीस, असे २७० वॅट. हवा ६० घनफूट गेली तर आतली हवा नऊ अंशांनी गरम. २० घनफूटच गेली तर २७ अंशांनी. खोली ३८ वर असेल तर कार्डाच्या पंख्यांना गार हवा म्हणून जी मिळते तीच मग ६५ अंशांची असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आपल्यासारख्या गावांत फार महत्त्वाची आहे. कुठलंही कॅबिनेट आतलं तापमान खोलीच्या खाली नेऊ शकत नाही. आपण पैसे देतो ते खोली आणि मशीन यांच्यातलं अंतर कमी करायला. कुणी अमुक कॅबिनेटमध्ये कार्ड ६५ वर राहतं असं सांगितलं आणि खोलीचं तापमान सांगितलं नाही, तर त्या ६५ ला काहीच अर्थ नाही. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीतले ६५ म्हणजे काकूंच्या खोलीतले ८१.

कापायचं की बदलायचं

पहिला विचार कॅबिनेट न बदलण्याचा होता. लोहिया बाजारातून बारीक भोकांची पत्र्याची जाळी आणायची आणि काचेच्या जागी बसवायची. दोन-तीनशे रुपयांत काम झालं असतं. ज्यांचं कॅबिनेट बाकी ठीक आहे त्यांनी आधी हेच करावं, असं मला मनापासून वाटतं. दिसायला कमी, पण हवेला तेच हवं असतं.

इथे दोन अडचणी आल्या. एक, मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या पाटीच्या, पाठीमागे तारांसाठी जेमतेम १२ मिलिमीटर जागा होती. मागचं झाकण फुगलेलं, स्क्रू ओढून लावलेले, आणि जादा तारांचा गठ्ठा पुढच्या बाजूला, अगदी खालच्या पंख्यासमोर कोंबलेला. दुसरी अडचण पंख्यांची. चारही पंखे मोलेक्सच्या तारेवर, म्हणजे सरळ बारा व्होल्टवर, दिवसरात्र एकाच वेगाने फिरणारे. मदरबोर्डला त्यांचा वेग बदलता येत नव्हता.

ती दुसरी अडचण काकूंनी माझ्याआधी पकडली होती. जाळीची गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, “गरमीचं तुम्ही बघा. पण हा पंखा हार्मोनियमच्या काळी एकला लागलाय. माझा सा काळी चारचा. हा खाली मंद्र मध्यम धरून बसतो, त्यामुळे तानपुऱ्याचा पंचम मला नीट ऐकूच येत नाही.”

मी पंख्याची पाती मोजली, सात. मागच्या चिकटपट्टीवर १२०० फेरे लिहिलेले. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला वीस, गुणिले सात पाती, म्हणजे १४० हर्ट्झ. काळी एकचा खालच्या सप्तकातला स्वर १३८.६ हर्ट्झ. काकूंचा सा २०७.६, त्याचा दोन तृतीयांश म्हणजे मंद्र मध्यम, तोही १३८.४. ज्या गोष्टीला मी “थोडा आवाज” म्हणत होतो तिला त्यांनी स्वराचं नाव देऊन ठेवलं होतं, आणि ते नाव अचूक होतं. त्या दिवसापासून पंखा कसा जोडला जातो हे माझ्या यादीत किमतीच्या वर आलं.

दुकानात

काकूंनी सगळं धरून पाच हजार सांगितले होते. कॅबिनेटवर पाच हजार हे कमी वाटतात, पण विचार केला तर या एका वस्तूवरचे पैसे सगळ्यात जास्त काळ टिकतात. इंटेलने मदरबोर्डचं एटीएक्स हे माप १९९५ साली ठरवलं. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड आणि त्याचे स्क्रू तेव्हापासून त्याच जागी आहेत. प्रोसेसर बदलेल, कार्ड बदलेल, पेटी तीच राहू शकते.

जयेंद्रगंजात आम्ही दोघं गेलो, मी आणि मुलगा. सोबत टेप, मोबाइलचा टॉर्च आणि आमच्या कार्डाच्या लांबीची, २४२ मिलिमीटरची, पुठ्ठ्याची पट्टी. दुकानदाराने आधी दाखवलं ते २,९०० रुपयांचं, चार रंगीत पंख्यांचं आणि पुढे काच असलेलं. ते तिथेच बाजूला ठेवलं. ३,६०० रुपयांचं दुसरं जाळीचं होतं आणि पहिल्या नजरेत मुलाला आवडलं. त्याच्या जाळीमागे टॉर्च धरला. पत्र्याच्या जाळीमागे जाड नायलॉनचं कापड आणि त्यामागे स्पंजचा थर, उजेड जवळजवळ आलाच नाही. जिथून उजेड येत नाही तिथून हवाही मुश्किलीने येते. शिवाय पंखे मोलेक्सचेच.

तिसरं ४,२०० रुपयांचं. पुढे सलग जाळी, १८ बाय ४० सेंटिमीटर, निम्मी भोकं धरली तरी ३६० चौरस सेंटिमीटरची वाट. टॉर्चचा उजेड पलीकडच्या हातावर स्पष्ट पडला. पुढे दोन आणि मागे एक असे १२० मिलिमीटरचे तीनच पंखे, पण तीन पिनांचे. तीन पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड व्होल्टेज कमीजास्त करून बदलू शकतो. चार पिनांचे अधिक चांगले, पण तीनवर काम भागतं. मोलेक्सवर भागत नाही.

पाठीमागचं झाकण उघडून टेप लावली : तारांसाठी २२ मिलिमीटर. माझ्या अनुभवात वीसच्या खाली गेलं की चोवीस पिनांची जाड तार झाकणाला ढकलते. खाली एसएमपीएससाठी वेगळा कप्पा, तारा आरपार न्यायला चार भोकं, त्यांतल्या दोनांना रबरी कड, आणि तारा बांधायला पत्र्यात ठोकलेले हुक. हुक ही पै-पैशाची गोष्ट आहे, पण ज्या कॅबिनेटला ते नसतात त्यात कितीही मनापासून काम करा, सहा महिन्यांत तारा सुटून लोंबतात. पुठ्ठ्याची पट्टी ठेवून बघितली, कार्डापुढे बोटभर नव्हे तर आठ-नऊ सेंटिमीटर मोकळे होते. पुढे कधी प्रोसेसरवर उंच कूलर लावायचा झाला तर १६० मिलिमीटर जागा.

पाय दोन सेंटिमीटरचे. खालचा फिल्टर पुढून ओढून निघतो. माझ्या लेखी या एका गोष्टीने सौदा ठरला, कारण मागून निघणारा फिल्टर कोणी धुत नाही हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

पत्रा मात्र पातळ होता, बाजूला अंगठा दाबला तर लवत होता. पातळ पत्रा पंख्याबरोबर थरथरतो आणि गुणगुणतो. तुलनेसाठी दुकानदाराने कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो काढून दाखवलं : जाळीचा दर्शनी भाग, ३६० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड, १७० मिलिमीटरपर्यंतचा कूलर, पत्रा भक्कम. त्यातही पंखे दोनच येतात, ते मुलाने आपणहून टिपलं. सुंदर काम आहे, पण आमच्या रकमेच्या बरंच वर. पातळ पत्र्यावर रबरी पट्टी चिकटवता येते, अडलेल्या हवेवर काही चिकटवता येत नाही, असा विचार करून ४,२०० चं घेतलं.

तारा

जोडणी मुलाने केली, मी शेजारी बसलो. त्याला आधी बोर्ड बसवायचा होता. सगळ्यांनाच हवा असतो, कारण तेव्हा काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. पण प्रोसेसरची आठ पिनांची तार बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते आणि बोर्ड बसल्यावर तिथलं भोक हाताला येत नाही. ती तार आधी पाठीमागून वर नेऊन ठेवायची.

इथेच अडलो. जुन्या कॅबिनेटमध्ये ही तार बोर्डावरून तिरकी, पुढूनच नेली होती. पाठीमागून वळसा घालून नेली तर चार बोटं कमी पडली. स्वस्त एसएमपीएसच्या तारा बेताच्या लांबीच्या असतात, हे मला माहीत होतं आणि तरी मी दुकानात जाण्याआधी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी २५० रुपयांची जोडतार आणेपर्यंत मशीन जमिनीवर उघडं पडून राहिलं आणि काकूंचा एक रियाजाचा दिवस ध्वनिमुद्रणाविना गेला. नवं कॅबिनेट घेणाऱ्याने जुन्या एसएमपीएसची ही एक तार आधी टेपने मोजावी. एसएमपीएसपासून पाठीमागून वरच्या कोपऱ्यापर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर लागतात.

बाकीचं सरळ झालं. एसएमपीएसच्या तारा सुट्या होत नाहीत, त्यामुळे न लागणाऱ्या चार-पाच तारा कुठेतरी ठेवणं भाग होतं. खालच्या कप्प्यात पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा असतो, तो रिकामाच होता. स्क्रू काढून पिंजरा बाहेर काढला आणि त्या जागेत जादा तारा गुंडाळून ठेवल्या. प्लास्टिकचे केबल टाय मी जवळजवळ वापरत नाही, वेल्क्रोच्या पट्ट्या वापरतो. टाय कापताना कधी ना कधी तार कापली जाते, आणि जे उघडायला कष्ट पडतात ते कोणी साफ करत नाही. पॉवर बटणाच्या बारीक तारा सगळ्यात शेवटी, बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवून.

तारा नीट लावल्याने मशीन गार राहतं असं सर्रास म्हटलं जातं, म्हणून ते मोजून पाहिलं. मुद्दाम एकदा सगळा गठ्ठा पुढच्या बाजूला सोडून रेंडर चालवला, मग नीट बांधून. फरक एका अंशाचा. तारा थेट पंख्याच्या तोंडावर असतील तर जास्त पडेल, एरवी नाही. तरीही मी तारांवर दोन तास घालवायला तयार असतो, त्याचं कारण वेगळं आहे. धूळ तारांच्या गुंत्यात बसते. गुंता नसला की ब्लोअरचा एक झोत पुरतो आणि घरातलं कोणीही ते करू शकतं. मशीन उघडायची भीती वाटली नाही तर ते उघडलं जातं.

आकडे आणि आवाज

पुन्हा सकाळी अकरा, पुन्हा ३८ अंश, कूलर बंद. तोच रेंडर. पुढचे दोन पंखे आत हवा घेणारे, मागचा एक बाहेर टाकणारा, वेग ९०० फेऱ्यांवर बांधलेला. कार्ड ७३, प्रोसेसर ८१, घड्याळगती १८५० वर स्थिर. मे महिन्यात ४७ मिनिटं घेणारा रेंडर हिवाळ्यासारखा ४० मिनिटांत झाला. त्याच रात्री आठला खोली ४१ वर गेली तेव्हा कार्ड ७६. अंतर दोन्ही वेळी ३५ अंश. जुन्या कॅबिनेटमध्ये हे अंतर ४५ होतं, तेही कार्डाने वेग सोडल्यावर.

माझ्याकडचा एक पंखा पुढे तिसरा म्हणून लावून पाहिला. एक अंश उतरला. काढून घेतला. वरच्या जाळीत बाहेर फेकणारा पंखा लावण्याचा मोह मुलाला होता, कारण गरम हवा वर जाते. पण इतक्या लहान पेटीत पंख्याच्या जोरापुढे हवेचं आपणहून वर जाणं नगण्य असतं. उलट पुढून आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच वरून निघून जाते. शिवाय आपल्याला आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त हवी. तसं असलं की प्रत्येक फटीतून हवा बाहेर रेटली जाते आणि धूळ फक्त फिल्टरमधूनच येऊ पाहते. मे-जूनमध्ये राजस्थानच्या बाजूने जी पिठासारखी धूळ येते तिच्यासाठी हे फार गरजेचं आहे. वरची जाळी आम्ही कापलेल्या पुठ्ठ्याने झाकली. जुन्या घरात पालींचाही विचार करावा लागतो, म्हणून मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्याही परत लावल्या.

आवाजाचं काम पंख्यांच्या वेगावर आलं. वेग निम्मा केला तर पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. बोर्डावर कॅबिनेटच्या पंख्यांसाठी दोनच जागा होत्या, म्हणून पुढचे दोन्ही एका वाय-तारेवर, म्हणजे एका जागेवर दोन पंखे जोडणाऱ्या तारेवर, घेतले. एक अडचण अशी की बोर्ड हे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. रेंडर फक्त कार्डावर चालला की प्रोसेसर निवांत, पंखे निवांत आणि कार्ड एकटंच तापतं. फॅन कंट्रोल नावाच्या मोफत प्रोग्रामात दोन्ही तापमानांपैकी जे जास्त असेल त्यावर पंखे बांधले. काकूंच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मशीनमध्ये साठ वॅटही खर्च होत नाहीत. वरचाच हिशेब लावला तर वीस घनफूट हवेतही आत फक्त सहा अंश चढतात, म्हणून तेव्हा ७०० फेरे पुरतात. या पंख्यांनाही सातच पाती, म्हणजे ८२ हर्ट्झ. ध्वनिमुद्रणात १०० हर्ट्झखालचं सगळं गाळून टाकलं. काकूंचा मंद्र पंचम १५५ च्या वर असतो, त्याला धक्का लागत नाही. पातळ पत्र्याच्या आतल्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, गुणगुण थांबली.

काकूंनी तानपुरा लावला, कॅबिनेटपाशी जाऊन कान दिला आणि म्हणाल्या, “आता हा स्वर धरत नाही. नुसता श्वास ऐकू येतो.”

एकूण खर्च : कॅबिनेट ४,२००, जोडतार २५०, वाय-तार १२०, वेल्क्रो ८०. चार हजार सहाशे पन्नास.

त्यानंतर

कूलरबद्दल एक सांगायचं राहिलं. वाळवंटी कूलर मे महिन्यात खोली सात-आठ अंशांनी उतरवतो आणि त्याचा मशीनला थेट फायदा होतो, पण त्याचा झोत कॅबिनेटवर पडू देऊ नये. इथलं पाणी जड आहे, बारीक तुषारांबरोबर क्षार येतात आणि फिल्टरवर धुळीचा चिखल होतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंड दाराकडे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन मोठ्या आंध्या आल्या. फिल्टर बारा दिवस कोणी काढला नव्हता. मुलाने आपणहून तोच रेंडर चालवला : खोली ३८, कार्ड ७८. पुढची जाळी काढून नळाखाली धुतली, सावलीत वाळवली, परत लावली. कार्ड ७३. आता काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एप्रिल ते जून दर दुसऱ्या रविवारी एक छोटी जाळी काढलेली आहे, पावसाळ्यापासून पुढे महिन्यातून एकदा. धुवायचं काम मुलाचं, आठवण करून द्यायचं काकूंचं.